चारशे बारा चेहरे

तिला स्टुडिओत सगळे ताई म्हणायचे. मालक तिच्याहून चांगले आठ वर्षांनी मोठे, तरी तेही ताईच म्हणायचे. फोटो काढायला आलेली जुनी गिऱ्हाइकं आधी काउंटरवर चौकशी करायची, "ताई आहेत ना आत? मग काढा फोटो."

आत म्हणजे काउंटरमागच्या खोलीत. तिथं एक टेबल, एक मोठा स्क्रीन, त्याच्यासमोर पाटीएवढा काळा पॅड आणि पॅडवर फिरवायचं पेन. खिडकीला दाट कापड लावलेलं, कारण बाहेरचा उजेड बदलला की स्क्रीनवरचे रंग फसवतात. कॅमेऱ्यातून आलेला प्रत्येक चेहरा कागदावर जाण्याआधी या खोलीतून, ताईच्या हाताखालून जायचा. सोळा वर्षं हे चाललं होतं.

या कामात तिचा एक नियम होता. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं आणि जन्मभर राहणार असेल ते ठेवायचं. पुटकुळी, ओरखडा, जागरणाची काळी वर्तुळं काढायची. तीळ, व्रण, खळी, वाकडा दात यांना हात लावायचा नाही. नाक जरा बारीक करा म्हणणाऱ्यांना ती सांगायची, "करते की. पण मग दारावरचा माणूस कार्ड बघून तुम्हाला आत सोडणार नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि नाक होतं तसं राहायचं.

तिचं मुख्य हत्यार म्हणजे डाग बुजवायचा ब्रश. पुटकुळीवर टेकवला की तो शेजारच्या चांगल्या कातडीचा पोत उचलायचा आणि तिथं बेमालूम बसवायचा. कुठून उचलायचं, किती उचलायचं, कडा किती मऊ ठेवायच्या, हे सगळं ठरवून ब्रश साठवून ठेवता यायचा. ताईनं असे स्वतःचे एकतीस ब्रश जमवले होते आणि त्यांना नावं दिली होती. 'गाल', 'घामाचं कपाळ', 'म्हातारे हात', 'दोन दिवसांची दाढी'. मालक कधी तिच्या खुर्चीवर बसले तर त्या यादीकडे बघून म्हणायचे, "ताई, हे सॉफ्टवेअर आहे की दवाखाना?"

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नवरा शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा आणि तीन वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं होतं. आधी महिन्यातून एकदा यायचा, मग दोन महिन्यांतून, मग काम फार आहे म्हणायला लागला. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. माणूस फोनवर खोटं बोलतोय की खरं, हे पहिल्या 'हॅलो'वरून कळतं असा त्यांचा दावा होता आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा.

त्या सोमवारी सकाळी पावणेदहाला ताईचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. कामाच्या वेळी तो कधी करायचा नाही म्हणून ती मागच्या चौकात गेली. तिथं पाण्याचं पिंप होतं आणि जुन्या फ्रेमांचा ढीग.

"बोलता येईल का?" त्यानं विचारलं.

"बोला."

"मी आता तिकडे परत यायचं म्हणत नाहीये."

"बरं."

"इथं एक आहे. म्हणजे वर्ष झालं. तुला सांगायला हवं होतं आधी."

"बरं."

"तू काहीतरी बोल ना."

"काय बोलू?" ताई म्हणाली. पिंपाच्या झाकणावर एक मुंगी पाण्याच्या थेंबाला वळसा घालून चालली होती. ताई तिच्याकडे बघत राहिली.

"कागदपत्रं मी पाठवतो. आणि आईला तू सांगशील का? मला नाही जमणार."

"बरं."

"बरं काय बरं?"

"सांगते म्हटलं."

त्यानं फोन ठेवला. ताई आत आली. तेवढ्यात कॉम्प्युटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा वर एक निळी चौकट आली. त्यात लिहिलं होतं की नवीन आवृत्ती आली आहे आणि आता डाग काढणं आणखी सोपं झालं आहे. ताईनं चौकट मिटली आणि ब्रशांची यादी उघडली. यादी रिकामी होती.

एरवी असं झालं असतं तर तिनं खोली डोक्यावर घेतली असती. मागे एकदा पेनचं टोक हरवलं होतं, तर तिनं मालकांना गुडघ्यावर बसवून सगळी फरशी शोधायला लावली होती. या वेळी ती नुसती बघत राहिली. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं तिला आतून सगळीकडे झालं होतं. दुखत काहीच नव्हतं. गाल चावला गेला तरी कळलं नसतं इतकंच.

समोर कामाचा ढीग होता. एका शाळेची ओळखपत्रं, चारशे बारा मुलं. गेल्या आठवड्यात फोटो काढून झाले होते आणि हे काम ताईला दरवर्षी सात-आठ दिवस पुरायचं. तिनं पहिला चेहरा उघडला. हनुवटीवर पुटकुळी होती. तिनं नव्या ब्रशनं ती टिपली. पुटकुळी गेली, पण शेजारची कातडी तिथं आली नाही. ब्रशनं स्वतःच्या अंदाजानं काहीतरी गुळगुळीत बनवून बसवलं. बाजूला एक नवं बटण आलं होतं, 'चेहरा सुधारा'. ताईनं ते दाबलं. एका क्षणात चेहरा झाला. तिनं दुसरा उघडला, बटण दाबलं. तिसरा उघडला.

बुधवारी दुपारी चारशे बारा चेहरे संपले.

मालक खूश झाले. "अपडेट पावलं म्हणायचं आपल्याला. ताई, तुमचे ते 'घामाचं कपाळ' वगैरे गेले का सगळे?"

"गेले."

"मिळतील की परत. फोन करा त्यांना."

ताईनं मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात तिला एक तक्रार क्रमांक दिला, तो दोनदा वाचून दाखवला आणि सांगितलं की जुने ब्रश नव्या आवृत्तीत चालत नाहीत. जुनी आवृत्ती आता कुणालाच मिळत नाही. आणि नवा ब्रश बिघडलेला नाही, तो तसाच बनवलेला आहे.

"म्हणजे तो मुद्दाम असं करतो?" ताईनं विचारलं.

"आपलं म्हणणं मी पुढे कळवलं आहे," मुलगी म्हणाली.

घरी या दिवसांत ताई रोजच्यासारखी वागत होती. सासूबाईंना सांगायचं होतं. रोज संध्याकाळी जिना चढताना ती ठरवायची, आत गेल्यावर सांगू. आत सासूबाई चहा टाकून बसलेल्या असायच्या. त्या विचारायच्या, "कसा गेला दिवस?" ताई म्हणायची, "गेला." मग दोघी चहा प्यायच्या. सासूबाईही त्या आठवड्यात कमीच बोलत होत्या. एरवी इमारतीतल्या प्रत्येक घरातलं भांडण चढ्या आवाजात वाजवून दाखवणारी बाई, पण चार दिवस कुणाची नक्कल नाही की काही नाही. ताईच्या ते लक्षात आलं, पण त्याचं तिनं पुढे काही केलं नाही.

शनिवारी सकाळी स्टुडिओत एक बाई आल्या. बरोबर आठ-नऊ वर्षांच्या दोन मुली, जुळ्या. बाईंनी काउंटरवर दोन ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली.

"यातली माझी थोरली कोणती आणि धाकटी कोणती, ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या, पण थकल्या होत्या.

मालकांनी कार्डं उचलली, मुलींकडे बघितलं, पुन्हा कार्डांकडे बघितलं. मग ताईला हाक मारली.

ताई बाहेर आली. एका मुलीच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता, चांगला मुगाएवढा. दुसरीच्या हनुवटीवर पडल्याची खूण होती. दोन्ही कार्डांवर ना तीळ होता ना खूण.

"काल वर्गात बाईंनी मला हिच्या बाकावर बसवलं," तीळवाली म्हणाली.

"आणि हिचा गृहपाठ मला करायला लावला," दुसरी म्हणाली. तिला त्याचं जास्त वाईट वाटलं होतं.

"चुकून झालं हो," मालक म्हणाले. "सोमवारी दोन्ही नवीन देतो."

बाई मुलींना घेऊन गेल्या. ताई आत जाऊन बसली. तिनं कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो उघडले आणि शेजारी शाळेत गेलेले फोटो ठेवले. एकेक जोडी बघत गेली. एका मुलाचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, तो भरून आला होता. एकाच्या गालावर पांढऱ्या कोडाचा डाग होता, तो गालाच्या रंगानं रंगला होता. तिरळे डोळे सरळ झाले होते. खळ्या बुजल्या होत्या. दोनशे सत्तेचाळिसाव्या फोटोत एक मुलगी होती. जन्मतः वरचा ओठ दुभंगलेला असणार, तो शिवल्याची रेघ ओठापासून नाकापर्यंत गेलेली होती. शाळेत गेलेल्या फोटोत रेघ नव्हती. नुसती रेघ नाही, तिचा ओठही नव्हता. सॉफ्टवेअरनं तिथं दुसराच कुणाचा तरी ओठ आणून बसवला होता.

हे तीन दिवस ताईच्याच डोळ्यांसमोरून गेलं होतं. प्रत्येक चेहरा तिनं उघडला होता. एकही बघितला नव्हता.

तिला वाटलं, आता आपल्याला वाईट वाटेल. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग ती उठून बाहेर गेली.

"सगळी कार्डं पुन्हा करायची," ती मालकांना म्हणाली.

"सगळी म्हणजे?"

"चारशे बारा."

"ताई, शाळेची एक तक्रार नाही. उलट मुख्याध्यापकांचा काल फोन होता, या वर्षी मुलं फार छान आलीत म्हणाले."

"कुणाची मुलं?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. वडिलांचा स्टुडिओ चालवत होते, तोही आता रडतखडत चालत होता. "मला छपाईचा खर्च दोनदा झेपत नाही, खरं सांगतो."

"सगळी नको छापायला. ज्यांचं बिघडलंय तेवढीच छापू. बाकीच्यांचे फाईलमध्ये दुरुस्त करून ठेवते. सकाळी दुकान उघडायच्या आधी येईन. रोजचं काम अडणार नाही."

"ब्रश तर गेलेत तुमचे."

"एक राहिलाय."

तो म्हणजे सगळ्यात जुना ब्रश, नुसती नक्कल करणारा. जिथून म्हणाल तिथलं जसंच्या तसं उचलतो, दुसरीकडे ठेवतो. अंदाज नाही की हुशारी नाही. शिकाऊ लोक त्यालाच हात लावतात आणि पुढे विसरतात. अपडेटनं त्याला हात लावला नव्हता. त्यानं काम करायचं तर प्रत्येक पुटकुळीला दहा-बारा वेळा पेन टेकवावं लागतं, दर वेळी जागा बदलून.

सोमवारपासून ताई सकाळी सातला यायला लागली. किल्ली मालकांनी दिली होती. खोलीत फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज. ती मूळ फोटो उघडायची, जवळ जाऊन बघायची, पंधरा दिवसांत जाणारं तेवढं काढायची. मनगट दुखायला लागलं की हात टेबलाखाली सोडून शंभरपर्यंत मोजायची. काम करताना तिच्या मनात काही चालू नसायचं. नवरा आठवायचा तोही असाच, एखाद्या फोटोत मागे उभा असलेल्या माणसासारखा. तो तिथं होता, पण फोटो त्याचा नव्हता.

सहाव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, ती घरी आली तेव्हा दाराशी सासूबाईंची तपकिरी बॅग भरून ठेवलेली होती. सासूबाई बाहेर जायची साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या.

"कुठं निघालात, आई?"

"लेकीकडे. तुझी वाट बघत होते. किल्ली शेजारी ठेवून जाणं बरं दिसलं नसतं."

"अचानक?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मग सोडलं. "तुला त्याचा फोन आला होता ना? गेल्याच्या गेल्या सोमवारी?"

ताई चपला काढता काढता थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्यानं मला आदल्या दिवशी सांगितलं. रविवारी. म्हणाला, तिला मी स्वतः सांगतो, तू बोलू नकोस."

"मला म्हणाले, आईला तू सांग. मला नाही जमणार."

"असं म्हणाला?" सासूबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडले. दोन्हीकडे वेगवेगळं बोलणारी माणसं मी ढिगानं ऐकली. हा माझ्या पोटी निघेल असं नव्हतं वाटलं."

ताई भिंतीला टेकून खालीच बसली. "मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

 खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवत होतं.

"मी वाट बघत होते," सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणशील, आई, आता तुमचं तुम्ही बघा. म्हणायचा हक्क आहे तुझा. घराचा करार तुझ्या नावावर, भाडं तू भरतेस. तो नाही तर मी तुझी कोण? तू रोज यायचीस, चहा प्यायचीस आणि काहीच म्हणायची नाहीस. माझ्यानं आता ते ऐकवत नाही, तुझं न बोलणं. म्हणून म्हटलं, आपणच निघावं."

ताईनं बॅगेकडे बघितलं. चेन नीट लागली नव्हती, एका कोपऱ्यातून स्वेटरची बाही बाहेर आली होती.

"नणंदेकडे तीन जिने आहेत," ती म्हणाली.

"चढीन हळूहळू."

"गुडघा?"

"तोही येईल माझ्याबरोबर. त्याला कुठं ठेवू?"

"मंगळवारी तुमच्या डोळ्यांची तपासणी आहे. ती वेळ दोन महिन्यांनी मिळाली होती."

"मग?"

"मग आत्ता कशाला जाता? तपासणी होऊ दे." ताई उठली आणि बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली. तिनं हे प्रेमानं केलं की सवयीनं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं चहा टाकला. सासूबाई बाहेर जायच्या साडीतच चहा प्यायल्या. मंगळवार गेला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि महिन्यानं बोलावलं. बॅगेतले कपडे कधी परत कपाटात गेले ते कुणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात बुधवारी छापायच्या चेहऱ्यांचं काम संपलं, फाईलमधले बाकीचे पुढे होणार होते. अठ्ठ्याण्णव कार्डं नव्यानं छापली. ती स्वतः शाळेत घेऊन गेली. कार्यालयातल्या कारकुनानं गठ्ठा घेतला आणि म्हणाला, "आधीची काय वाईट होती?" वाटून झाल्यावर काही मुलांनी नवी घेतली, काहींनी जुनीच गळ्यात ठेवली. जुळ्यांच्या आईनं फोन करून सांगितलं की आता बाक बरोबर आहेत. आणि कोडाचा डाग होता त्या मुलाच्या आईचाही फोन आला.

"आम्हाला पहिलाच फोटो हवाय," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मुलानं स्वतःहून कार्ड शेजारी जाऊन दाखवलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं पुन्हा करायला?"

 कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

"त्याला विचारा," ती शेवटी म्हणाली. "मी दोन्ही देते. त्याला हवं ते घालू दे."

"त्याला काय विचारायचं, लहान आहे तो," बाई म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी येऊन दोन्ही घेऊन गेल्या. मुलानं कोणतं घातलं ते ताईला कधी कळलं नाही. दुभंगलेल्या ओठाच्या मुलीकडून चांगलं किंवा वाईट काहीच कळलं नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक अपडेट आलं. ब्रश थोडा सुधारला. एकतीस ब्रश काही परत आले नाहीत. ताईनं नवे बनवायला घेतले आणि चारवर थांबली. हिवाळा सुरू झाला तेव्हा मालकांनी तिला समोर बसवून सांगितलं की पुढच्या वर्षीपासून कॅमेराच चेहरा साफ करून देणार, तसा कॅमेरा घेतलाय. तिनं काउंटर सांभाळावा आणि जुने फाटके फोटो दुरुस्तीला आले तर ते करावेत. हे सांगताना त्यांनी तीनदा घसा साफ केला.

"बरं," ताई म्हणाली. आणि मग, थोड्या वेळानं, "मला वाईट वाटायला हवं ना?"

"वाटायचं असेल तर वाटू दे," मालक म्हणाले. "मला तर वाटतंय."

घटस्फोटाचे कागद आले. ताईनं ते काउंटरवरच, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत, वाचून त्यांवर सही केली. नवऱ्यानं कपडे मागवले होते. एका रविवारी दोघींनी मिळून त्याचा कप्पा रिकामा केला. शर्ट, दोन पँट, अवजारांची पिशवी, एक स्वेटर सासूबाईंनी विणलेला. तो स्वेटर सासूबाईंनी दोनदा बाहेर काढला आणि तिसऱ्यांदा खोक्यात ठेवला.

सोमवारी स्टुडिओला जाण्याआधी दोघी पार्सलच्या दुकानात गेल्या. खिडकीमागच्या माणसानं खोकं काट्यावर ठेवलं, पत्ता बघितला आणि पेन उचललं.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"दोघींचं लिहा," सासूबाई म्हणाल्या.

"एकच लिहिता येतं. आणि घेणारा नसला तर खोकं पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत येईल."

"पत्ता एकच आहे," ताई म्हणाली. "नाव यांचं लिहा."

त्यानं लिहिलं, शिक्का मारला आणि पावती खिडकीखालून सरकवली. सासूबाईंनी ती वाचायला डोळ्यांजवळ नेली, पण चष्मा घरी राहिला होता. मग ताईनंच ती वाचून दाखवली, आणि दोघी रस्ता ओलांडायला उभ्या राहिल्या.